दांडा आपोआप हलावा का? विमानाच्या थ्रॉटलचा आणि त्याच्या नकलेचा इतिहास

घरातल्या एका खोलीत प्रवासी विमानाचे अख्खे कॉकपिट उभारणारे हौशी लोक आज जगभर आहेत. सुरुवात संगणकावर विमान उडवण्याच्या खेळापासून होते. काही वर्षांत टेबलाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा येतो, मग खऱ्यासारख्या कळफलकांची पाळी येते, आणि कधीतरी कारागीर थ्रॉटलपाशी येऊन थबकतो. दोन आसनांच्या मधोमध असलेले, इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे हे दांडे. एअरबस ए-३२० ची नक्कल करायची असेल, तर यंत्रणा इंजिने सांभाळत असताना दांडे जागचे हलत नाहीत. बोइंग ७३७ ची करायची असेल, तर ते आपोआप मागे-पुढे सरकतात आणि त्यासाठी मोटर बसवावी लागते.

वरवर पाहता हा खर्चाचा आणि खटपटीचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात विमाने बनवणाऱ्या दोन बलाढ्य कंपन्यांचे याच प्रश्नावर एकमत झालेले नाही, आणि त्या मतभेदाच्या इतिहासात मुंबईहून निघालेल्या एका विमानाचेही पान आहे. हा धागा त्या दांड्याविषयी.

आरंभी थ्रॉटल नव्हताच. १९०३ साली राइट बंधूंनी उडवलेल्या विमानाच्या इंजिनाचा वेग उड्डाणात हवा तसा कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. इंजिन चालू असे किंवा बंद. पहिल्या महायुद्धातील अनेक लढाऊ विमानांत रोटरी इंजिने होती. त्यांत पंख्याबरोबर सगळे इंजिनच गरगर फिरत असे. त्याचा जोर कमी करण्यासाठी वैमानिक उड्डाणदांड्यावरचे बटण दाबून ठिणगीच तोडत, आणि सोडले की इंजिन पुन्हा पेट घेई. उतरणाऱ्या विमानाचा तो अडखळता, फटफटणारा आवाज त्या काळच्या धावपट्ट्यांची ओळखच होती.

मग दांडा आला. पण तो कोणत्या दिशेला ढकलावा, याबद्दलही सगळ्यांचे सारखे मत नव्हते. दोन महायुद्धांच्या दरम्यान फ्रान्स आणि इटली येथील अनेक विमानांत दांडा मागे ओढला की जोर वाढे. ब्रिटन-अमेरिकेत पुढे ढकलला की वाढे. फ्रान्सने अमेरिकेकडे मागणी नोंदवलेली कर्टिस हॉक जातीची काही विमाने १९४० मध्ये फ्रान्स पडल्यामुळे ब्रिटनकडे वळवण्यात आली. ब्रिटिशांनी त्यांना ‘मोहॉक’ असे नाव दिले आणि जे बदल केले, त्यांत थ्रॉटलची दिशा उलटी करणे हा एक होता. संकटाच्या क्षणी हात सवयीनेच चालतो. उलट्या सवयीचा वैमानिक अशा विमानात बसला असता, तर जोर हवा असताना त्याने नेमके इंजिन मंद केले असते. ही मोहॉक विमाने पुढे ईशान्य भारतातून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली.

हाताची सवय हा विज्ञानाचा विषय ठरला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांबाबत एक विचित्र प्रकार वारंवार घडत असे. विमान सुखरूप उतरे आणि मग धावपट्टीवर वैमानिक स्वतःच्या हाताने चाके आत घेई. अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला कारण सापडले. पंखाच्या फ्लॅपची आणि चाकांची कळ शेजारीशेजारी होती आणि हाताला अगदी सारखी लागत होती. त्याने एका कळीवर रबराचे लहानसे चाक आणि दुसरीवर पाचरीसारखा तुकडा चिकटवला. हा उपाय पुढे नियमांत गेला. आज अमेरिकी विमाननियमांत प्रवासी विमानाच्या दांड्यांच्या मुठी कशा आकाराच्या असाव्यात याच्या आकृत्या आहेत, आणि थ्रॉटल पुढे म्हणजे जोर जास्त, हेही लिहिलेले आहे. घरी त्रिमितीय छपाईयंत्रावर थ्रॉटलची मूठ छापणारा हौशी कारागीर असा नकळत कायद्यातलीच आकृती गिरवत असतो.

नकलेचा इतिहास मात्र विमानाच्या कारखान्यात सुरू होत नाही. तो वाद्यांच्या कारखान्यात सुरू होतो. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा व्यवसाय होता. त्या घरातील एडविन लिंक याला विमानाचे वेड होते आणि उड्डाणाचे शिक्षण परवडत नव्हते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने वडिलांच्या कारखान्यात एक बुटके, आखूड पंखांचे विमान तयार केले. ते जमिनीवरच राही आणि डुलत, झुकत, वळत असे.

ते हलत कशाने? भात्यांनी. बाजाच्या पेटीचा भाता ज्याने पाहिला आहे, त्याला या यंत्राचे मर्म सांगावे लागणार नाही. ऑर्गनमध्ये हवेच्या दाबाने स्वर उमटतो. लिंकने त्याच हवेने आणि झडपांनी कॉकपिट उचलले. त्याच्या पेटंटच्या शीर्षकात हे यंत्र विद्यार्थी वैमानिकांसाठी आणि करमणुकीसाठी असल्याचे म्हटले आहे, आणि सुरुवातीला गिऱ्हाईक मिळाले ते दुसऱ्याच कामासाठी. जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत लोक नाणे टाकून त्यात बसत. आज फ्लाइट सिम्युलेटरला ‘खेळणे’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१९३४ मध्ये अमेरिकी सरकारने हवाई टपालाचे काम खासगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या वैमानिकांना दिले. ढगांत आणि रात्री केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची त्यांना पुरेशी सवय नव्हती, आणि काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. त्यानंतर सैन्याने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशी हजारो निळी खोकी तयार झाली आणि दोस्त राष्ट्रांचे लक्षावधी वैमानिक आंधळे उड्डाण त्यांतच शिकले. बंद झाकणाखाली बसलेल्या शिकाऊ वैमानिकाने थ्रॉटल सरकवला की समोरचे काटे हलत. इंजिन कुठेच नव्हते.

त्या काळच्या खऱ्या विमानांत मात्र दांड्यामागे खरोखरच काहीतरी असे. दांड्यापासून तारा आणि कप्प्या निघत, त्या थेट इंजिनाच्या इंधनयंत्रणेपर्यंत जात. तारेचा ताण, कप्पीची कुरकुर, इंजिनाची थरथर हे सगळे वैमानिकाच्या तळव्याला कळे. १९५० च्या दशकात लिओनार्ड ग्रीन यांच्या सेफ फ्लाइट या अमेरिकी कंपनीने वेग आपोआप राखणारी यंत्रणा बाजारात आणली आणि ऑटोथ्रॉटलचे युग सुरू झाले. त्याची रीत साधी होती: माणसाच्या हाताऐवजी मोटर तोच दांडा ढकलणार. दांडा हलला म्हणजे इंजिनाचा जोर बदलला, हे समीकरण कायम राहिले. वैमानिकाने दांड्यावर नुसता हात ठेवला, तरी यंत्रणा काय करते आहे ते त्याला समजे.

हे समीकरण तोडण्याचे धाडस एअरबसने केले. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० मध्ये दांड्यापासून इंजिनापर्यंत तार गेलीच नाही; दांड्याचा कोन विद्युत-संकेत होऊन इंजिनाच्या संगणकाकडे जाऊ लागला. दांड्याच्या मार्गात खटके ठेवले गेले. उड्डाणानंतर ठरावीक उंचीवर वैमानिक दांडे ‘क्लाइंब’ या खटक्यात आणतो, आणि सर्वसाधारण प्रवासात ते उतरण्याच्या अखेरच्या क्षणापर्यंत तिथेच राहतात. इंजिने मधल्या काळात कमी-जास्त होत राहतात, दांडे ढिम्म. येथे दांड्याची जागा म्हणजे यंत्रणेला दिलेली कमाल मर्यादा. प्रत्यक्ष जोर किती, ते पडद्यावर वाचायचे. मोटरी गेल्या, वजन घटले, बिघडण्याजोगे भाग कमी झाले. अभियंत्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद चोख आहे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे उड्डाण मुंबईहून बंगळूरकडे निघाले. विमान ए-३२० होते आणि ताफ्यात येऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते. विमानात १४६ जण होते. हवा स्वच्छ होती, धावपट्टी समोर दिसत होती. उतरत असताना स्वयंचलित यंत्रणा अशा अवस्थेत राहिली की, तिच्या लेखी विमानाला फक्त खाली जायचे होते. म्हणून तिने दोन्ही इंजिने मंद गतीवर ठेवली. वेग घसरत गेला. अपेक्षित १३२ नॉटच्या जागी तो १०६ नॉटपर्यंत आला. वैमानिकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी दांडे पूर्ण पुढे ढकलले, पण मंद गतीवरचे जेट इंजिन पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात. ते सेकंद उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले, पुढच्या बांधाला धडकले आणि पेटले. ९२ माणसे मृत्युमुखी पडली.

न्यायालयीन चौकशीने मुख्य ठपका ठेवला तो परिस्थितीचे गांभीर्य वैमानिकांच्या वेळेत लक्षात आले नाही यावर. निष्कर्ष आपल्या जागी योग्यच होता. वेगाचा आकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. तरी एक गोष्ट उरतेच: इंजिने मंद झाली, हे सांगणारा कॉकपिटमधला एक जुना साक्षीदार त्या दिवशी गप्प होता. दांडे ‘क्लाइंब’ खटक्यात, म्हणजे नेहमीच्याच जागी होते. दांडे हलणारे असते, तर ते पार मागे जाऊन बसलेले हाताला लागले असते. त्याने ती माणसे वाचली असती काय, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण न हलणाऱ्या दांड्यांविषयीचा वाद त्यानंतर विमानतज्ज्ञांत जोराने पेटला.

बोइंगने आपला पक्ष सोडला नाही. १९९४ मध्ये प्रथम उडालेल्या ७७७ मध्ये नियंत्रण विद्युत-संकेतांनी चालते. इंजिनापर्यंत तार जात नाही, तरी ऑटोथ्रॉटलच्या मोटरी दांडे हलवतात. ७३७ च्या १९९७ च्या पिढीतही तसेच झाले. तारा गेल्या, हालचाल राहिली. म्हणजे वैमानिकाच्या तळव्याला जे ‘खरे’ वाटते, ते आता खुद्द खऱ्या विमानातही मुद्दाम घडवलेले असते. दांड्याचा जडपणा घर्षणाच्या चकत्यांचा असतो, इंजिनाचा नव्हे. घरातल्या खोलीत चकत्या आवळून दांडा जड करणारा हौशी आणि कारखान्यातला अभियंता येथे एकच काम करत असतात.

मग हलणाऱ्या दांड्याने वाद जिंकला का? ॲमस्टरडॅमने त्याचे उत्तर दिले. २५ फेब्रुवारी २००९ रोजी टर्किश एअरलाइन्सचे ७३७-८०० स्किपॉल विमानतळावर उतरत होते. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या डाव्या उपकरणात बिघाड झाला आणि विमान सुमारे दोन हजार फुटांवर असताना ते उणे आठ फूट दाखवू लागले. ऑटोथ्रॉटलने त्यावर विश्वास ठेवला: विमान टेकत आहे, तेव्हा इंजिने मंद करावीत. आणि त्याने दांडे मागे ओढले. ते हातांखाली, डोळ्यांसमोर मागे गेले. पण विमान उताराच्या मार्गावर वरून येत होते. त्या क्षणी जोर कमी होणे अपेक्षितच होते. खूण दिसली, तिचा अर्थ नेहमीचाच लावला गेला. वेग धोक्याच्या खाली गेल्यावर हातातला उड्डाणदांडा थरथरू लागला, तेव्हा सहवैमानिकाने थ्रॉटल पुढे सरकवला. विमानाचा ताबा कप्तानाने घेतला, सहवैमानिकाचा हात सुटला, आणि न तोडलेल्या ऑटोथ्रॉटलने दांडे पुन्हा मागे नेले. दांडे अखेर पूर्ण पुढे जाईतो उशीर झाला होता. विमान शेतात कोसळले. ९ जण दगावले.

चार वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीच्या ७७७ चे दांडे मागे नेलेले असताना ऑटोथ्रॉटल अशा अवस्थेत गेले की, वेग पडला तरी ते पुन्हा पुढे येणार नव्हते. वैमानिकांचा समज होता की, यंत्रणा वेग सांभाळते आहे. तिघांचा जीव गेला. बंगळूरला दांडा हलतच नव्हता, ॲमस्टरडॅमला तो हलला पण खोट्या माहितीवर, आणि येथे हलणारा असूनही थांबून राहिला.

आता पुन्हा खोलीतल्या कामाकडे. घरगुती सिम्युलेटरचा प्रवास १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांच्या अ‍ॅपल संगणकावरील कार्यक्रमाने सुरू झाला. १९८२ मध्ये त्याच मुळातून मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर निघाला. पुढे कित्येक वर्षे बहुतेकांच्या घरी थ्रॉटल म्हणजे कीबोर्डवरच्या दोन कळा होत्या: एफ-२ ने जोर कमी, एफ-३ ने जास्त. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ गावी जन्मलेल्या आर्डुइनो या स्वस्त सर्किट बोर्डाने हे काम सामान्यांच्या आवाक्यात आणले.

ए-३२० चा थ्रॉटल करणाऱ्याचा जीव पोलादी चकतीत अडकतो. मंद गतीपासून २५, ३५ आणि ४५ अंशांवर खाचा पाडायच्या, स्प्रिंगने दाबलेली लहान चाकी त्यांत खट्टकन बसली पाहिजे, आणि खटका ओलांडायला पुरेसा जोर लागला पाहिजे. खाच उथळ राहिली तर दांडा निसटतो. खोल झाली तर दोन्ही दांडे एकत्र सरकत नाहीत. आणखी एक अडचण गणिताची आहे. दांड्याचा कोन मोजायला बहुधा रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा पोटेंशियोमीटर वापरतात. तो सुमारे २७० अंश फिरतो, दांडा मात्र पुढच्या दिशेने ४५ अंशच. साध्या आर्डुइनोला मिळणाऱ्या १०२४ पायऱ्यांपैकी मग जेमतेम १७० हाती लागतात. म्हणून मध्ये दातेरी चक्रे घालून फिरणे चार-पाच पट करावे लागते. पोटेंशियोमीटरमध्ये धूळ गेली की आकडा थरथरतो आणि पडद्यावरचे इंजिन विनाकारण धापा टाकू लागते. त्यामुळे जाणकार आता चुंबकाची दिशा ओळखणारा हॉल सेन्सर पसंत करतात. त्यात घासणारे काही नाही.

७३७ चे काम याहून अवघड. भंगारात निघालेल्या जुन्या ७३७ चा अस्सल थ्रॉटल मिळवून त्यात नव्या मोटरी बसवणारेही आहेत. दोन दांडे, त्यांच्यावरचे उलट-रेट्याचे दांडे, डावीकडे स्पीडब्रेक, उजवीकडे फ्लॅप, दोन्ही अंगांना फिरणारी ट्रिमची चाके. मोटर चालू असताना वैमानिकाने दांडा धरून ओढला तर तो त्याच्या हाताला वश झालाच पाहिजे, म्हणून मोटर आणि दांड्याच्या मध्ये घसरणारा क्लच हवा. खऱ्या विमानातही तो असतो.

पण सर्वांत मोठा फरक वरून दिसत नाही. खऱ्या ७३७ मध्ये मोटर दांडा हलवते, आणि दांड्याचा कोन इंजिनाच्या संगणकाला जोर किती ते सांगतो. दांडा साखळीतला दुवा आहे. बहुतेक घरगुती थ्रॉटलमध्ये हा क्रम उलटा असतो. सिम्युलेटरचा कार्यक्रम जोर आधीच ठरवून टाकतो आणि मग मोटर दांड्याला त्या आकड्यापाशी नेऊन उभा करते. सोयीचे कारण उघड आहे: दांड्याचा आकडाही ग्राह्य धरला, तर मोटर दांड्याचा आणि दांडा मोटरचा पाठलाग करू लागतो आणि दोघेही थरथरत बसतात. पण त्यामुळे दांडा निव्वळ सावली होतो. पट्टा घसरला तरी पडद्यावरचे विमान सरळ उडत राहते.

खऱ्या विमानात ही सवलत नाही. ३१ मार्च १९९५ रोजी बुखारेस्टहून निघालेल्या टॅरोम कंपनीच्या ए-३१० चे (एअरबसचेच, पण जुन्या पठडीतले, हलणाऱ्या दांड्यांचे) ऑटोथ्रॉटल चढणीवर जोर कमी करू लागले. एक दांडा मागे सरकत गेला, दुसरा जागीच अडकला. एका बाजूला पूर्ण चढणीचा जोर, दुसऱ्या बाजूला मंद इंजिन. विमान कलंडत गेले, वेळेत सावरले गेले नाही, आणि आतील साठही माणसे गेली.

म्हणूनच काही मोजके कारागीर अवघड वाट पत्करतात. ते सिम्युलेटरच्या आतले ऑटोथ्रॉटल बंद ठेवतात, स्वतंत्र कार्यक्रमातून मोटरला हुकूम देतात, आणि इंजिनाचा जोर ठरू देतात तो फक्त दांड्याच्या खऱ्या कोनावरून. थरथर थांबवायला त्यांना कित्येक संध्याकाळी खर्चाव्या लागतात. त्यांच्या थ्रॉटलमध्ये एका बाजूचा पट्टा घसरला, तर पडद्यावरचे विमान एका बाजूला खरोखर झुकते आणि हात पुढे करून दांडा ओढावा लागतो.